पन्ह्यात सोडा: चालतो, पण शेवटी

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला रविवारी सकाळी अकराला २५ जणी, आंब्याच्या डाळीबरोबर पन्हं, आणि ते जरा सणासारखं दिसावं म्हणून सोडा घातला तर चालेल का, असं एकीने विचारलंय.

चालेल की! फक्त जगमधल्या गरात सोड्याची बाटली उपडी करू नका. मी केली होती. अर्धं पन्हं फसफसून ओट्यावर, आणि ओटा दोन दिवस चिकट. प्रत्येक ग्लासात आधी तीन मोठे चमचे गर, तो थोड्या गार पाण्यात ढवळून घ्यायचा, मग सोडा कडेकडेने, पाहुणी समोर आल्यावरच. सोड्याने गोडी दबते, म्हणून गर नेहमीपेक्षा किंचित गोड हवा.

दीड किलो कैरी पुरे. कुकरच्या आतल्या भांड्यात पाणी न घालता उकडा, नाहीतर आंबटपणा त्या पाण्यातच राहतो. सालीच्या आतला गर चमच्याने खरवडून घ्या, कोय हाताने कोळा. खरा स्वाद तिथेच असतो. १ वाटी गराला २ वाट्या गूळ, गर गरम असतानाच, म्हणजे पाक करायला नको. मीठ, वेलदोडा.

गुळाचं पन्हं काचेच्या ग्लासात चहासारखं दिसतं, हे खरं. रंगच हवा असेल तर साखर आणि केशर घ्या. मी मात्र गूळच घालते आणि स्टीलचे पेले काढते.