गावातलं ‘जर्मन चर्च’ खरंच जर्मनांनी बांधलं का? इतिहास कसा शोधावा?

पांदणवाट
वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी जाड भिंतींचं, कौलारू जुनं चर्च आहे. सगळे त्याला जर्मन चर्च म्हणतात. जर्मन लोक इथं वस्ती करून राहिले, ते लुथरन (मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथाचे) होते, असं म्हातारी माणसं सांगतात. हाताशी आहे ते एवढंच: चुन्याखाली बुजलेला कोनशिलेचा दगड, न वाचता येणारी अक्षरं असलेली घंटा आणि कपाटात तीन रजिस्टरं. मंडळीच्या स्मरणिकेत चार पानं लिहायची आहेत. सुरुवात कुठून करू?

वैनगंगाकाठ
भाऊ, आधी ‘वस्ती’ हा शब्द बाजूला ठेवा. जर्मन लुथरनांनी कुटुंबकबिल्यासह जाऊन गावं वसवली ती अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात. जर्मनीतल्या प्रशियाच्या राजाने 1817 मध्ये लुथरन आणि रिफॉर्म्ड हे दोन प्रोटेस्टंट पंथ एकत्र केले, पुढे एकच उपासनाविधी सक्तीचा केला. ज्यांना ते मान्य नव्हतं ते पाद्र्यासकट निघाले. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं क्लेम्झिग 1838 चं, हानडॉर्फ 1839 चं. हानडॉर्फला नाव मिळालं ते त्यांना घेऊन आलेल्या जहाजाच्या कप्तानाचं, हान याचं. सॅक्सनीतला असाच एक जथा 1839 मध्ये अमेरिकेत मिसूरीला उतरला. अशा गावात चर्च, शाळा आणि रजिस्टर जवळपास एकदमच सुरू होतं, आणि रजिस्टर जर्मनमध्ये असतं. विदर्भात असलं काही झालं नाही.

आपल्याकडचा जर्मन धागा वेगळा आहे. बर्लिनचे पाद्री गोस्नर यांनी 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला काही माणसं गोंडांमध्ये काम करायला अमरकंटकजवळच्या करंजियाला धाडली. स्वतःच्या कष्टावर जगायचं आणि उपदेश करायचा, ही गोस्नर यांची पद्धत. कॉलऱ्याने त्यातले बरेच गेले. वाचलेल्यांचा संबंध कामठी-नागपूरशी आला. 1845 मध्ये स्टीफन हिस्लॉप नागपूरला आले, पण ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन, वडीलमंडळाने चालणारा प्रोटेस्टंट पंथ. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशन, ही दोन्ही अमेरिकन. लुथरन म्हणाल तर उत्तरेला छिंदवाडा-बैतूल भागात, तेही स्वीडिश. गोऱ्या पाद्र्याला सरसकट ‘जर्मन’ म्हटलं गेलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

सोपी कसोटी सांगतो. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआय) स्थापना झाली. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेचे), प्रेस्बिटेरियन परंपरेचं युनायटेड चर्च, बाप्टिस्ट वगैरे त्यात गेले, लुथरन गेले नाहीत. तुमचं चर्च आज सीएनआयमध्ये असेल तर लुथरन मूळ जवळपास बाद समजा.

शाई_आणि_कागद
रजिस्टरांचे रकाने बघा, मजकूर नंतर. बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्मपिता-धर्ममातेचा (बाप्तिस्म्याला मुलाची हमी घेणाऱ्यांचा) रकाना आणि वेगळं दृढीकरणाचं (मोठं झाल्यावर श्रद्धा पक्की करण्याच्या विधीचं) रजिस्टर असेल तर लुथरन किंवा अँग्लिकन. धर्मपित्याचा रकाना नाही आणि सोबत वडीलमंडळाच्या सभांची वही असेल तर प्रेस्बिटेरियन. तान्ह्या मुलांच्या नोंदीच नाहीत, सगळे मोठे, आणि चर्चमध्ये किंवा आवारात पाण्याचा हौद, तर बुडवून बाप्तिस्मा देणारी मंडळी, अलायन्सवाले त्यातले.

पहिलं रजिस्टर पुष्कळदा नक्कल असतं. वीस वर्षांच्या नोंदी एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत दिसल्या की कुणीतरी नंतर बसून उतरवून काढल्यात असं धरा. तिथली वर्षं चुकलेली असू शकतात. 1897 आणि 1900 च्या आसपास नोंदी एकदम वाढल्या तर नवल मानू नका. ते दुष्काळ होते, मिशनच्या अनाथालयांतली मुलं त्यात असतात.

फोटो काढताना वही पूर्ण उलगडू नका, शिवण तुटते. काटकोनात उघडा, खिडकीच्या उजेडात काढा. आणि ‘पूर्वीची जात’ हा रकाना स्मरणिकेत छापू नका. नातवंडं गावातच राहतात, उगाच वाद कशाला.

कासार_आळी
दगडावरचा चुना तारेच्या ब्रशने किंवा ॲसिडने काढाल तर अक्षरंही जातील. साधं पाणी मारून तासभर मुरू द्या, मऊ ब्रश आणि बांबूची कामटी वापरा, एकेक थर काढा. मग अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. झिजलेली अक्षरंही सावलीने उठतात. ऑइलपेंटने अक्षरं गिरवू नका. गिरवणारा 3 चा 8 करून ठेवतो. दगडावरचं वर्ष इमारतीचं असतं, मंडळी त्याआधी दहा-वीस वर्षं झाडाखाली किंवा बंगल्यात भरत असू शकते.

घंटेवर पातळ कागद धरून मेणाचा खडू आडवा फिरवा. चुंबक चिकटला तर घंटा पोलादी किंवा बिडाची, नाही चिकटला तर काशाची. वर चढण्याआधी तुळया तपासा, वाळवी लागलेली असते.

पांदणवाट
चुंबक चिकटला. छाप घेतला. ‘नेलर व्हिकर्स, शेफील्ड’ आणि खाली ‘ई. रीपेज पेटंट’. रीपे हे जर्मन नाव ना?

कासार_आळी
नाव जर्मन, घंटा इंग्रजच. पेटंट रीपेचं, ओतकाम शेफील्डच्या कारखान्याचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या घंटा जगभर गेल्या. जर्मनीतल्या बोखुमच्या कारखान्याच्या पोलादी घंटाही अशाच सगळीकडे विकल्या जात. म्हणजे बोखुमची सापडली असती तरी तेवढ्यावर संस्थापक जर्मन ठरला नसता. वर्ष असेल तर ते घंटा ओतल्याचं. जुनी घंटा दुसरीकडून आणून टांगलेली असू शकते.

नझूल_शीट
जागेचे कागद कुणी बोललंच नाही. तालुक्याचं गाव आहे तर भूमी अभिलेख कार्यालयात आखीव पत्रिकेची (प्रॉपर्टी कार्डाची) नक्कल मागा, सोबत नझूल शीटही, म्हणजे गावातल्या सरकारी जागांचा नकाशा. धारकाचं नाव वाचा: ‘फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड’ असेल तर नोंद 1900 च्या आधीची, ‘युनायटेड फ्री चर्च’ असेल तर 1900 ते 1929, ‘चर्च ऑफ स्कॉटलंड’ 1929 नंतरची. कारकून जुनंच नाव पुढे ओढतात, म्हणून फेरफाराची तारीखही ताडून बघा. जागा जुन्या मालगुजारी (मालगुजाराकडून सारा घेतला जाई अशा) गावठाणात असेल तर मिसल बंदोबस्त, म्हणजे जुन्या जमाबंदीची नोंद पाहा. वऱ्हाडात मालगुजारी नव्हती, रयतवारी (सारा थेट शेतकऱ्याकडून) होती, तिथे हा रस्ता चालत नाही, वर्ध्याला चालतो.

धारक स्कॉटिश निघाला तर फ्री चर्चच्या मिशनचे कागद एडिंबराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. ईमेलमध्ये गावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग द्या, आजच्या स्पेलिंगने हाती काही लागत नाही. ते स्पेलिंग 1906 च्या वर्धा गॅझेटियरात सापडेल.