आयएसएमबीचा शिअर: सरासरी काढली की भागतं का?

गर्डरवाला: माझं मत स्पष्ट आहे, रोल्ड सेक्शनला (अखंड लाटून केलेल्या बीमला) शिअरचा, म्हणजे कापू पाहणाऱ्या बळाचा, ताण काढायला व्हीक्यू भागिले आयटी करत बसू नये, सरासरी पुरते. (व्ही म्हणजे शिअर, क्यू म्हणजे त्या रेषेपलीकडच्या क्षेत्रफळाचा मध्य-अक्षाभोवतीचा मोमेंट, आय म्हणजे पूर्ण सेक्शनचा जडत्व आघूर्ण, टी म्हणजे त्या रेषेवरची रुंदी.) आयएसएमबी ३०० (आय आकाराचा भारतीय मानक बीम) घ्या, शिअर १५० किलोन्यूटन. खोली ३०० मिमी, वेब (मधली उभी पट्टी) ७.५ मिमी जाड, सरासरी ताण ६६.७ एमपीए (न्यूटन प्रति चौरस मिमी). सूत्राने मध्यावर ७४.५. फरक बारा टक्क्यांचा. मधला पट्टा आधी यील्ड झाला (कायमचा विरूप होऊ लागला) तर शेजारचं पोलाद भार उचलतं. आयएस ८००:२००७ (पोलादी बांधकामाची भारतीय संहिता) सुद्धा पूर्ण खोली गुणिले वेबची जाडी हेच क्षेत्रफळ धरतं. २५० एमपीएला यील्ड होणाऱ्या पोलादात क्षमता २९५ किलोन्यूटन निघते, आपण जेमतेम निम्म्यावर. आणि हे सूत्र आलं कुठून? एकोणिसाव्या शतकात रशियात झुराव्स्की नावाचे अभियंते रेल्वेच्या लाकडी पुलांवर काम करत होते, तिथून. लाकूड धाग्यांच्या दिशेने फाटतं, पोलादाला धागे नसतात.

वेल्डची_रेघ: अजिबात पटलं नाही. हाच सेक्शन तीन प्लेटा जोडून बनवा. वेब आणि फ्लँजमधला (वरखालच्या आडव्या पट्ट्यांमधला) वेल्ड किती बळ नेतो? सरासरी तिथे मुकी आहे. व्हीक्यू भागिले आय केलं की दर मिमीला ४३५ न्यूटन, दोन्ही बाजूंचे वेल्ड मिळून. तुम्ही म्हणता तो लाकडाचा धागा बिल्ट-अप गर्डरमध्ये वेल्डच्या रूपाने असतोच. एका शेडच्या ड्रॉइंगवर वेल्डसाठी "६ मिमी सलग" लिहिलेलं पाहिलं. कुठून आलं विचारलं, तर "मागच्या जॉबवरून". गर्डर टिकला, पण हिशेब कुणीच केला नव्हता. मला याचीच भीती वाटते.

साईटवरून: कोप (बीमच्या टोकाला कापलेली खाच) विसरू नका. दुय्यम बीम मुख्य बीमच्या पातळीत बसवताना वरखालचे फ्लँज कापले की उरते नुसती पट्टी. तिथे कमाल ताण सरासरीच्या दीडपट, आणि खोलीही ३०० राहत नाही. लोक मात्र ३०० च टाकतात.

गर्डरवाला: कोपचं मान्य, तिथे उरलेलीच खोली घ्यायला हवी. वेल्डेड गर्डरला क्यू काढावाच लागतो, तेही मान्य. पण अखंड रोल्ड बीमला? नाही.

वेल्डची_रेघ: एकदा तरी हाताने काढा. वेब-फ्लँजच्या सांध्यावर वेबमध्ये ५८ एमपीए येतो, आणि त्याच रेषेवर फ्लँजमध्ये ३.१, कारण रुंदी ७.५ वरून एकदम १४० होते. नवीन मुलांना हा आकडा दाखवला की शिअर वेबच का घेतं ते लगेच कळतं. तुम्ही सरासरीत फ्लँज सोडून देता, तेही याच आकड्याच्या जोरावर.