धुरकट, जळकट की कमावलेला? चामड्याच्या अत्तराला मराठीत काय म्हणायचं

भाची पुण्यात असते. तिला अत्तरांचा नाद आहे. नवा वास हुंगला की वहीत त्याबद्दल चार ओळी लिहायच्या, त्याही मराठीतच, हा तिचा हट्ट. पोळ्याला घरी आली तेव्हा पर्समधून नखाएवढी कुपी काढली. दोन मिलीचा नमुना, परदेशी अत्तराचा. म्हणाली, “मामा, याला स्मोकी लेदर म्हणतात. मराठीत काय लिहू?”

मी ऐटीत म्हणालो, “धुरकट चामडं.”

“ते तर यष्टी जळाल्यावर सीटचं होतं तसं वाटतं.”

वाटतं खरं. म्हटलं, अंगावर घेतल्याशिवाय शब्द सापडायचा नाही. पोळ्याच्या सकाळी आंघोळ करून मनगटावर एक थेंब आणि कॉलरला एक थेंब लावला. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. घराच्या छपरीत आई बसली होती. मी समोरून गेलो तशी तिनं नाक वर केलं.

“काऊन रे, कुठी खेटर जळून रायलं का? न्हाणीच्या चुलीत पाह्य बरं.”

चुलीत काही नव्हतं, पऱ्हाटीच्या दोन काड्या धुमसत होत्या. मी मनगट पुढं केलं. तिनं हुंगलं, मान मागं घेतली आणि म्हणाली, “मले तं वाटलं कोणाले फिट आली.” आमच्याकडं फिट आलेल्या माणसाच्या नाकाला खेटर लावायची पद्धत होती, अजूनही कोणीतरी लावतोच. त्यानं फिट थांबत नाही, पण आईच्या डोक्यात चामड्याच्या वासाचा तोच एक कप्पा आहे. चामडं हुंगायचं ते संकटात.

पहिला अर्धा तास आईचंच खरं होतं. डांबर, विझवलेली चूल, थोडं फिनेलसारखं काही. बैलांना सजवायला लागलो तेव्हा घामानं म्हणा, उन्हानं म्हणा, वास उतरला. खुंटीवरची जुनी घुंगरमाळ काढली. चामड्याच्या रुंद पट्ट्यावर ओवलेले पितळी घुंगरू, आजोबांच्या वेळची. वर्षातून एकदा निघते. पट्टा वाळून पापडासारखा झालेला असतो, म्हणून आदल्या रात्रीच एरंडीचं तेल चोळून ठेवलं होतं. पट्टा वाकवला तशा त्याच्या सुरकुत्यांतून तपकिरी भुकटी निघाली आणि बोटांना लागली. एका नाकपुडीजवळ ती बोटं, दुसऱ्या जवळ मनगट. दोन्ही वास एक नव्हते, पण एकाच घरातले वाटत होते. पट्ट्याचा वास तेलकट, तुरट, जुन्या पेटीसारखा. मनगटावरचा कोरडा, धूर जास्त, आणि बुडाशी कुठंतरी गोडसर.

आता शब्दांकडं येतो. माझी अडचण ही की मराठीत वासाचा शब्द उच्चारला की निकाल आधीच लागलेला असतो. भाजलेलं आवडलं तर खमंग, खरपूस. नाही आवडलं तर करपट, जळकट. आग एकच, भांडंही एकच. बंद खोली म्हणजे कुबट, जुनं तेल म्हणजे खवट. वास ‘येतो’ तोवर ठीक, ‘मारतो’ म्हटलं की संपलं. दरवळ आणि घमघमाट फुलांसाठी आणि बिर्याणीसाठी राखून ठेवलेले. चांगलाही नाही, वाईटही नाही, पण विसरता येत नाही अशा वासासाठी शब्द सांगा. धुरकट मला पूर्ण पटत नाही, कारण धुरकट म्हटलं की डोळ्यासमोर आधी काच येते.

—

मोर्शीहून:

जळकटाण म्हणा ना. आमच्या आजीच्या बोलण्यात वासाचे शब्द असेच संपायचे. करपटाण, कुबटाण, ओशटाण. ‘भाजीले करपटाण येऊन रायली’ म्हटलं की सुनेनं समजून घ्यायचं. त्याच चालीवर चामटाण का नको? कानाला तर बरोबर लागतं.

—

मूळ प्रश्नकर्ता:

भाऊ, शब्द झकास आहे, पण हे ‘आण’ लागलं की शब्द नाक मुरडतच येतो. करपटाण कोणी कौतुकानं म्हणाल्याचं आठवतं का? शिवाय चामट म्हणजे चावायला चिवट. शिळी पोळी चामट असते. भाचीनं चामटाण लिहिलं तर वाचणाऱ्याला भूक लागायची नाही आणि अत्तरही घ्यावंसं वाटायचं नाही.

—

पुण्याहून (मूळचा वर्ध्याचा):

निकाल आधीच लागलेला असतो हे निरीक्षण आवडलं. त्याला पुरावा खुद्द ‘घाण’ या शब्दाचा आहे. तो आला संस्कृतच्या घ्राण वरून. घ्राण म्हणजे नाक, हुंगणं, नुसता वास. त्यात चांगलं-वाईट काही नव्हतं. मराठीत उतरता उतरता घाण झाली. म्हणजे आपण नाकालाच शिवी करून ठेवली.

माझी शिफारस ‘दर्प’. संस्कृतात दर्प म्हणजे गर्व. मराठीत तो अर्थ आहेच, शिवाय उग्र वासालाही आपण दर्प म्हणतो. हे अत्तर नेमकं तसंच वागतं, खोलीत माणसाच्या आधी शिरतं आणि कोणाची पर्वा करत नाही. दारूचा दर्प, औषधाचा दर्प, जाईचाही दर्प म्हणतात रात्री फार झाली की. दुर्गंध म्हणायला कोणी बांधील नाही.

आणि धुराला कमी लेखू नका. ‘पर्फ्यूम’ या शब्दाच्या पोटातच धूर आहे. लॅटिनमध्ये ‘पेर’ म्हणजे मधून आणि ‘फुमुस’ म्हणजे धूर. आपण धूप जाळतो, बाळंतिणीला ओव्याची धुरी देतो, ऊद फिरवतो, ते सगळं मूळ अर्थानं पर्फ्यूमच. बाटली नंतर आली.

—

अकोल्याहून (रसायनशास्त्र शिकवतो):

एक गोष्ट नोंदवून ठेवावी. चामड्याच्या अत्तरात चामडं नसतं. त्या वासाचा जुना आधार म्हणजे बर्च झाडाच्या सालीचं डांबर. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाच्या कुळातलं झाड, ज्याच्या हिमालयातल्या भाऊबंदाच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या. साल हवा न लागू देता तापवली की काळं, घट्ट, धुराच्या वासाचं डांबर गळतं. रशियात चामड्याला ते तेल चोळायचे, पाणी लागू नये, कीड लागू नये म्हणून. युरोपला रशियन चामडं म्हणजे तो वास अशी सवय झाली आणि पुढं अत्तरवाल्यांनी तोच बाटलीत भरला. शनेल या फ्रेंच कंपनीच्या एका अत्तराचं नावच ‘क्युइर द रुसी’, म्हणजे रशियाचं चामडं. ते १९२० च्या दशकातलं, एर्नेस्ट बो यांचं, ज्यांनी १९२१ मध्ये ‘नंबर ५’ केलं. दुसरा रस्ता आयसोब्युटिल क्विनोलिन या रसायनाचा. कडू, हिरवट, कडक चामडं. जर्मेन सेलिए या बाईंनी १९४४ च्या ‘बँदी’ या अत्तरात ते सढळ हातानं ओतलं. कच्चं डांबर आता अत्तरात चालत नाही, त्यात धुरातली घातक संयुगं असतात, म्हणून शुद्ध केलेलंच वापरतात आणि तेही मोजून.

तुमच्या आईंना चूल आठवली यात नवल नाही. लाकडातलं लिग्निन जळलं की ग्वायकॉल तयार होतं, धुराचा जो ओळखीचा वास त्याचा मोठा भाग ते. पऱ्हाटी जळो की बर्चची साल, नाकाला तेच मिळतं. हुरड्याच्या आगटीजवळ बसून आलेल्या माणसाच्या स्वेटरला येतो तो वास आठवा. त्याला कोणी जळकट म्हणत नाही.

—

मूळ प्रश्नकर्ता:

सर, हुरड्याचं एकदम पटलं. रोडगे केल्यावर गोवऱ्यांचा वास दोन दिवस दुपट्ट्यात राहतो आणि आपण मुद्दाम धुवायला टाकत नाही. त्याला आमच्याकडं शब्द नाही, नुसतं ‘रोडग्याचा वास’ म्हणतात. बहुतेक चांगले वास आपण वस्तूच्या नावानंच ओळखतो. शब्द लागतो तो तक्रारीला.

—

वणीहून:

धागा दोन दिवस वाचतो आहे. खेटर, फिट, चामटाण, सगळ्यांनी मजा घेतली. रागावलो नाही, पण एक बाजू राहिली ती सांगतो.

माझे आजोबा कातडं कमवायचे, वडिलांनी चपला शिवल्या. शाळेत असताना एक गुरुजी माझी वही तपासायला हातात घेत नसत, बाकावर उघडी ठेवायला लावत. वास येतो म्हणत. त्या वासाला गावात जे शब्द होते ते इथं लिहिणार नाही, सगळ्यांना माहीत आहेत. त्यामुळे तोच वास दोन मिलीच्या कुपीत विकत मिळतो आणि त्यावर वहीत चार ओळी लिहितात हे वाचून आधी हसू आलं, मग थोडा वेळ काहीच सुचलं नाही.

आता शब्दाचं. कातडं आणि चामडं यांत आम्ही गल्लत करत नाही. जनावराच्या अंगावरचं, सोललेलं ते कातडं. त्याला वास असतो तो कुजण्याचा, आणि तो कोणालाच आवडत नाही, आम्हालाही नाही. मग चुन्याचं पाणी, केस काढणं, मग बाभळीची साल आणि हिरडा. सालीच्या पाण्यात कातडं दिवसच्या दिवस मुरतं. हळूहळू कुजका वास जातो आणि तुरट वास चढतो, चहाचा चोथा उन्हात वाळल्यावर येतो ना, तसा. तो आला की आजोबा म्हणायचे, आता हे चामडं झालं. तुमच्या घुंगरमाळेतून बोटांना लागली ती भुकटी हुंगलीत, त्यात ही सालच आहे. म्हणजे चामड्याचा वास असा एक नसतोच. ज्या झाडानं कमावलं, ज्या झाडाचं तेल चोळलं, त्या झाडाचा तो वास. रशियाचा बर्चचा, आमचा बाभळीचा.

म्हणून माझा शब्द ‘कमावलेला’. कमावलेला वास. कातडं कमावतात, शरीर कमावतात, पैसा कमावतात. तिन्हीकडं घाम आहे.

—

पुण्याहून:

वरच्या उत्तराला जोडून दोन गोष्टी. फ्रान्समध्ये ग्रास नावाचं गाव आहे, अत्तराची राजधानी म्हणतात त्याला. ते मुळात चांभारांचं आणि कमावणाऱ्यांचं गाव. चामड्याच्या हातमोज्यांचा वास जावा म्हणून त्यांना फुलांचे वास द्यायला लागले आणि त्यातून अत्तराचा धंदा उभा राहिला. आधी चामड्याचा वास लपवायला अत्तर, मग चामड्याचा वास यावा म्हणून अत्तर.

आणि आपल्याकडं कन्नौजचं अत्तर उंटाच्या कातड्याच्या कुप्प्यांत ठेवायची जुनी रीत. कातड्यातून पाण्याचा अंश झिरपून उडून जातो, तेल आत राहतं. गुलाबाचं असो की मातीचं, अत्तर मुरायचं ते कातड्यातच.

माझा दर्प मागं घेतो. कमावलेला बरा. फक्त सुट्या वाक्यात कळेल का, याची शंका आहे. ‘वास कमावलेला आहे’ वाचून पुणेकर विचारेल, किती कमावतो?

—

यवतमाळहून:

वेगळा मुद्दा. भाचीला सांगा, अत्तराच्या बाबतीत ‘फवारणी’ हा शब्द आमच्याकडच्या वाचकासाठी वापरू नको. शहरात ‘दोन फवारे मारले’ सहज लिहितात. इथं फवारणी म्हणजे कपाशीवरची, पाठीवरच्या पंपाची. २०१७ मध्ये या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, मजूर गेले. तेव्हापासून ‘अंगावर फवारा’ हे शब्द कानाला बरे लागत नाहीत. अत्तर लावतात. किंवा आमच्या पोट्ट्यांसारखं ‘सेंट मारला’ म्हणा.

—

मूळ प्रश्नकर्ता:

यवतमाळकर भाऊ, तिच्या वहीत फवारे होतेच. काढायला लावले.

वणीच्या दादांचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. संध्याकाळी घुंगरमाळ परत खुंटीला लावताना तिनं ती हातातून घेतली, हुंगली आणि म्हणाली, “हे त्याच्या आज्यानंच केलं असन, कोणाले मालूम.” वणी कुठं, आम्ही कुठं, पण तिच्या हिशेबात ते बसतं.

खेटराची गंमत मी मूळ प्रश्नातून काढत नाही, कारण आई तसंच म्हणाली होती. पण शब्द निवडताना तो माझ्या यादीत राहिला नाही.

शेवटी अडलो होतो ते ‘मुरणे’ वर मोकळं झालं. दादांनी कातडं मुरतं म्हटलं, पुण्याच्या मित्रानं अत्तर मुरतं म्हटलं, लोणचं तर मुरतंच. अत्तरवाले म्हणतात की वास आधी एक असतो, तासाभरानं दुसरा आणि रात्री तिसरा. त्या तिसऱ्याला ‘मुरलेला वास’ म्हणायला काय हरकत आहे? भाचीनं वहीत लिहिलेल्या ओळी तिच्या परवानगीनं देतो:

“लावल्याबरोबर विझत्या चुलीचा धूर, जवळ बसवत नाही. तासाभरानं धूर पातळ होतो आणि खालून कमावलेलं चामडं वर येतं, कोरडं, तुरट. रात्री मुरल्यावर फक्त कॉलरमध्ये राहतो, आगटीहून परतल्यासारखा. मामांच्या अंगावर माझ्यापेक्षा चांगला बसला.”

‘बसला’ हे क्रियापद मला सगळ्यांत आवडलं. वास बसतो, कापडात बसतो, माणसावर बसतो. चपलाही पायाला बसतात.

—

मोर्शीहून:

छान लिहिलंय पोट्टीनं. पण चामटाण कुठं तरी टाका हो, आजीची आठवण म्हणून. आणि त्या दोन मिलीतलं उरलं का काही?

—

मूळ प्रश्नकर्ता:

अर्ध्याच्या वर उरलं होतं. कुपी आईनं तिच्या लुगड्यांच्या पेटीत ठेवली. म्हणते, झुरळं यायची नाहीत.