मदत हवी आहे: दिवसभराचा ताण रात्रीही अंगातून उतरत नाही
नमस्कार मंडळी. मोठं संकट काही नाही, रोजचीच कामं आहेत. पण संध्याकाळी लक्षात येतं की जबडा घट्ट आवळलेला आहे, खांदे कानांपर्यंत चढलेत. फोन नुसता वाजला तरी छातीत धस्स होतं. अंथरुणाला पाठ टेकली की उद्याच्या कामांची यादी डोक्यात सुरू!

थोडं वाचलंय. ताणावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्येच शरीराच्या या प्रतिसादावर लिहिलं होतं. धोका जाणवला की अ‍ॅड्रेनालिन हे हार्मोन लगेच वाढतं, कॉर्टिसॉल हे दुसरं हार्मोन मागून येतं आणि जास्त वेळ रेंगाळतं. श्वास सावकाश सोडला की हृदयाची गती मंदावते. ते करून पाहते, तेवढ्यापुरतं बरंही वाटतं. पण ऐन गडबडीत आठवतच नाही, आणि माझी खरी अडचण तीच आहे.

कुणी अशी सवय दिवसात बसवली आहे का? कशाला जोडून? झोपण्याआधी काळज्या कागदावर उतरवल्या की डोकं शांत होतं, की त्या अधिकच घोळत राहतात? आणि समुपदेशकाकडे जायचं हे तुम्ही कशावरून ठरवलंत? कृपया सविस्तर लिहा, मला खरंच गरज आहे.