तातडीचे: बालनाट्याच्या ग्रुपची लिंक आणि तो अनोळखी नंबर

प्रेषक: तालीम घेणारी ताई
मंगळवार, रात्री १०:५०

सर्व पालकांना,

बालनाट्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शनिवारपासून एक अनोळखी नंबर होता. मी घेतलेला नाही. नावाच्या जागी नुसता बदाम, फोटो कार्टूनचा. मला वाटलं, कुणाच्या तरी मुलाचा नवा फोन असेल. त्या नंबरावरून आपल्यातल्या एका मुलीला वेगळे मेसेज गेले आहेत. मी त्याला काढलं आहे आणि लिंक रीसेट केली आहे. मंडळाच्या वेबसाइटवर वेळापत्रकाखाली ग्रुपमध्ये येण्याची लिंक अजून तशीच उघडी आहे, ती आज रात्रीच काढा. आणि आपापल्या मुलांना आजच विचारा. ओरडून नको.

---

प्रेषक: वेबसाइट सांभाळणारे दादा
मंगळवार, रात्री ११:२०

> ती आज रात्रीच काढा

काढली. पण ही लिंक मी माझ्या मनाने टाकलेली नव्हती. "तालीम कुठे, किती वाजता, काही कळत नाही" यावर मागच्या सभेत तासभर गेला होता. सगळं एका जागी हवं असं तेव्हा सर्वांनीच सांगितलं. यापुढे वेबसाइटवर काय जायचं ते कार्यकारिणीकडून लेखी यावं, म्हणजे नंतर माझ्याकडे बोट येणार नाही. रीसेट झाल्यावर जुनी लिंक चालत नाही, त्यामुळे प्रश्न मिटला असं मला वाटतं.

---

प्रेषक: माजी सचिव
बुधवार, सकाळी ६:१५

दादा, तुमच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. पण प्रश्न मिटलेला नाही.

रीसेट केल्याने नवा माणूस येत नाही, एवढंच. आत आलेला राहतो, त्याला वेगळं काढावं लागतं. ताईने काढलं, तरी तो तीन दिवस आत होता आणि ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. म्हणजे सगळ्या मुलांचे नंबर त्याच्याकडे गेले असंच धरून चला. "फक्त अ‍ॅडमिनने मेसेज पाठवायचे" हे आपण लावलं होतं, पण त्याने कुणी कुणाला खासगीत लिहिणं थांबत नाही. नव्या सदस्याला अ‍ॅडमिनची मंजुरी लागेल अशी सोय ग्रुपमध्ये आहे. ती आपण लावली नाही, आणि मी स्वतः अ‍ॅडमिन होते, तेव्हा ती चूक माझीही.

आज प्रत्येक घरी मुलाच्या फोनवर प्रायव्हसीत जाऊन एवढं कराच: प्रोफाइल फोटो आणि लास्ट सीन "माझे कॉन्टॅक्ट्स" वर, ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतो तेही तिथेच, आणि अनोळखी कॉल सायलेंट. पाच मिनिटांचं काम आहे, मुलाला शेजारी बसवून करा.

---

प्रेषक: विश्वस्त काका
बुधवार, सकाळी ८:४०

मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना व्हॉट्सअ‍ॅप हवंच कशाला? वयाची अट १३ ची आहे. माझ्या नातीला मी अजून फोन घेऊ दिलेला नाही. ज्या घरी हे झालं त्यांनी आधी फोन काढून घ्यावा. बाकीच्यांनीही घ्यावा.

---

प्रेषक: त्या मुलीची आई
बुधवार, दुपारी १:०५

काका, ती मुलगी माझी आहे.

सोमवारी रात्री ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. फोन उलटा करून छातीशी धरलेला. मी दोनदा विचारलं काय गं, तर म्हणाली, "आधी सांग, तू फोन घेणार नाहीस ना?" नाही म्हटलं, तेव्हा दाखवला.

पहिला मेसेज: "तुझं काम सगळ्यात छान होतं." मग "कितवीत आहेस?" मग "मी पण नाटकात आहे, दुसऱ्या गटात." दुसऱ्या दिवशी "घरी कोण कोण असतं?" आणि शेवटी, "आईला सांगू नको, सरप्राइज आहे." एकही शब्द वाईट नाही. वेगवेगळे वाचले तर कुठल्याही मैत्रिणीचे वाटतील. त्या शेवटच्या वाक्याने तिला भीती वाटली, आणि तरी ती दोन दिवस गप्प राहिली. का, तर फोन जाईल म्हणून.

आमच्याही घरात तिला "फोन काढून घेऊ" हेच ऐकू आलं असतं, तर ती आलीच नसती. म्हणून मी फोन घेणार नाही. रात्री तो बैठकीच्या खोलीत चार्जिंगला राहतो, आमचेही तिथेच असतात, एवढा नियम आहे आणि पुरे आहे.

---

प्रेषक: मराठी शाळेची शिक्षिका
बुधवार, दुपारी ३:३०

> वयाची अट १३ ची आहे

फक्त एवढ्यावर. हा १३ चा आकडा अमेरिकेच्या १९९८ च्या 'कोपा' (COPPA) या मुलांच्या ऑनलाइन माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यामुळे रूढ झाला. तो लागू झाला २००० मध्ये. पालकांच्या संमतीशिवाय १३ पेक्षा लहान मुलांची माहिती कंपन्यांनी गोळा करायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेराव्या वाढदिवसाला मूल शहाणं होतं असं त्यात कुठेही नाही. युरोपच्या नियमात या संमतीचं मूळ वय १६ आहे आणि देशांना ते १३ पर्यंत खाली आणता येतं. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोशल मीडियाला १६ ची अट घातली, पण व्हॉट्सअ‍ॅपसारखी मेसेजिंग अ‍ॅप त्यातून वगळली आहेत. वयाच्या आकड्यावर हवाला ठेवून आपल्याला चालणार नाही.

---

प्रेषक: एक वडील (नाव नको)
बुधवार, रात्री ११:५५

हे मी इथे कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. वहिनींचा मेल वाचला आणि राहवलं नाही.

माझा मुलगा १४ चा असताना एका ऑनलाइन गेममध्ये "मुलगी" भेटली. तिथून दुसऱ्या अ‍ॅपवर, तिथे तिने आधी स्वतःचा फोटो पाठवला आणि मग त्याचा मागितला. फोटो गेल्यावर वीस मिनिटांत पैशांची मागणी, नाहीतर तुझ्या सगळ्या मित्रांना पाठवतो. त्याच्या मित्रांच्या यादीचा स्क्रीनशॉटही सोबत. पोराने साठवलेले सगळे पैसे दिले. अर्ध्या तासात पुन्हा मागणी. पैसे दिले की समोरच्याला कळतं की हा देतो, बाकी काही होत नाही.

तो मला नाही, मामाला बोलला. माझा आवाज घरात कसा असतो ते मला तेव्हा कळलं.

जे शिकलो ते सांगतो. पैसे द्यायचे नाहीत. घाबरून चॅट पुसायचं नाही. आधी नंबर किंवा प्रोफाइलसकट स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट केलं की त्या माणसाकडून आलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, म्हणून आधी पुसू नका. मग पोलिसांत तक्रार. आणि फोटो गेला असेल तर 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे, अमेरिकेतल्या 'एनसीएमईसी' या हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठीच्या संस्थेची, १८ च्या आतल्या वयात काढलेल्या नग्न, अर्धनग्न किंवा लैंगिक फोटोंसाठी. फोटो त्यांना पाठवावा लागत नाही. तो आपल्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो शोधून हटवतात. नाव द्यावं लागत नाही. मुलाने स्वतः बसून केलं, मी शेजारी होतो.

तो आता बरा आहे.

---

प्रेषक: विश्वस्त काका
गुरुवार, सकाळी ७:१०

दोन्ही मेल पुन्हा पुन्हा वाचले. फोन काढून घ्या हे वाक्य मी मागे घेतो. नातीला आज संध्याकाळी विचारणार आहे की मैत्रिणीच्या फोनवर ती काय काय बघते. फोन दिला नाही म्हणजे तिला काही दिसत नाही, असं मी धरून चाललो होतो.

---

प्रेषक: वेबसाइट
गुरुवार, सकाळी ९:३०

मग अल्बमचंही बघायला हवं. मागच्या तीन कार्यक्रमांचे मुलांचे फोटो "लिंक असेल त्या कुणालाही" उघडे आहेत, खाली नावं आणि इयत्ता लिहिलेली. ही मागणी पालकांचीच होती, पण मी आज बंद करतो. ज्यांना हवेत त्यांनी ईमेल कळवावा, एकेकाला परवानगी देईन. वेळ लागेल, घाई करू नये.

---

प्रेषक: तालीम घेणारी ताई
गुरुवार, दुपारी १२:१५

दादा, नावं आणि इयत्ता आधी पुसा, परवानग्या नंतर.

जुना ग्रुप आज रात्री बंद करते आहे. नवा ग्रुप काढणार नाही. तालमीचे निरोप माझ्या ब्रॉडकास्ट लिस्टवरून फक्त पालकांना येतील, त्यात कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. माझा नंबर तुमच्या फोनमध्ये सेव्ह नसेल तर निरोप पोचणार नाही, तेव्हा तो आधी करा. पाच घरांकडून अजून उत्तर नाही, त्यांना मी संध्याकाळी फोन करते.

शनिवारी तालमीआधी वीस मिनिटं मुलांशी बोलायचं आहे. वहिनी, तिची हरकत नसेल तर ती स्वतः सांगणार आहे का, तिला विचारून कळवाल?

---

प्रेषक: त्या मुलीची आई
गुरुवार, रात्री ८:४०

विचारलं. सांगते म्हणाली. फक्त मोठ्यांनी बाहेर थांबायचं.