मदत हवी आहे : जो ग्रीन प्रशिक्षक म्हणून कसे होते?

नमस्कार मंडळी, अमेरिकन फुटबॉलमधल्या जो ग्रीन यांच्यावर लेख लिहितेय. खेळाडू म्हणून माहिती ढीगभर मिळते. पिट्सबर्ग स्टीलर्सच्या बचावफळीत १३ हंगाम, ४ सुपर बोल (म्हणजे हंगामाचा अंतिम सामना) जिंकले. १९७४ पासून ते समोरच्या संघाचे सेंटर आणि गार्ड (आक्रमणफळीच्या मधोमध शेजारी उभे राहणारे दोन खेळाडू) यांच्या मधल्या फटीसमोर तिरके उभे राहायचे, म्हणजे दोघंही त्यांच्यातच अडकायचे. काय डोकं! पण १९८७ पासून आधी स्टीलर्स, मग मायामी, मग ॲरिझोना, २००३ पर्यंत त्यांनी बचावफळ्या घडवल्या, त्याबद्दल मला दोन ओळींपुढे काही सापडत नाहीये. ते तिरकं उभं राहणं त्यांनी पोरांना शिकवलं का? तेव्हाचे सामने पाहिलेलं कुणी आहे का इथे? जुनी मुलाखत, सरावाचं चित्रण, काहीही चालेल.