मदत हवी आहे: सूर्याकडून १६० आणि आकाशाकडून ३४२? हा हिशेब कसा बसतो?

मृगधारा

नमस्कार मंडळी,

मी शाळेत विज्ञान शिकवते. लवकरच वातावरणाचा पाठ घ्यायचा आहे आणि त्यात पृथ्वीच्या ऊर्जेचा जमाखर्च दाखवणारी बाणांची आकृती फळ्यावर काढायची आहे. पण त्यातल्या एका बाणावर मी अडले आहे. स्वतःला पटल्याशिवाय तो मुलांपुढे मांडायचा नाही, म्हणून इथे विचारते.

आकडे असे आहेत. सगळे पृथ्वीभरची सरासरी आणि वॉट प्रति चौरस मीटर; पुढे नुसतं वॉट लिहिते. सूर्यासमोर सरळ धरलेल्या एका चौरस मीटरवर १३६१ वॉट पडतात. पृथ्वी गोल आहे आणि निम्मी अंधारात असते, म्हणून ४ ने भागायचं: ३४०. त्यातले सुमारे १०० ढग, बर्फ, वाळवंटं यांच्यावरून परत अवकाशात जातात. उरले २४०. त्यातले ८० हवा आणि ढग वाटेतच शोषून घेतात, १६० जमीन आणि समुद्रापर्यंत पोचतात. इथवर काही अडचण नाही.

पुढे मात्र जमीन वरच्या दिशेला ३९८ वॉट अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण) सोडते असं दाखवलंय. शिवाय बाष्पीभवनात ८२ आणि तापून वर चढणाऱ्या हवेबरोबर २० जातात. म्हणजे मिळकत १६० आणि खर्च ५००! ही तूट भरायला वातावरणाकडून खाली येणारा ३४२ वॉटचा बाण आहे. सूर्याच्या दुपटीहूनही जास्त.

माझे प्रश्न:

१. वातावरण काही ऊर्जा तयार करत नाही. मग ३४२ आणतं कुठून?
२. वातावरण जमिनीपेक्षा थंड आहे. थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे उष्णता आपोआप जात नाही, हे मीच शिकवते. मग हा बाण खाली कसा?
३. हा बाण कुणी मोजलाय, की बेरीज जुळावी म्हणून काढलाय?

एक विनंती: उपमा नकोत, हिशेब हवा.

ईशान्य

मृगधाराताई, प्रश्न अगदी नेमका आहे. आधी सोपी पृथ्वी घ्या, म्हणजे पहिली शंका तिथेच सुटेल.

समजा वातावरण म्हणजे एकच थर आहे. सूर्यप्रकाश त्यातून आरपार जातो, पण जमिनीचे अवरक्त किरण तो पूर्णपणे शोषतो. जमिनीला सूर्याकडून २४० मिळतात. बाहेरून येतं तेवढंच अवकाशात परत जायला हवं, म्हणून थर वरच्या बाजूने २४० सोडणार. पण थराला दोन बाजू आहेत! जेवढे वर तेवढेच खाली, म्हणजे खालीही २४०. आता जमिनीची मिळकत २४० + २४० = ४८० आणि तीही वर ४८० सोडते. थर ४८० घेतो, ४८० देतो. जमीन ४८० घेते, ४८० देते. अवकाशातून २४० येतात, २४० जातात. कुठेही एक वॉटही नवा तयार झालेला नाही. तीच ऊर्जा बाहेर पडण्याआधी जमीन आणि हवेत ये-जा करते आणि प्रत्येक फेरीत मोजली जाते.

आता खऱ्या वातावरणाचं खातं तुमच्याच आकड्यांनी मांडा. जमा: सूर्याकडून ८०, बाष्पाबरोबर आलेले ८२, गरम हवेचे २०, आणि जमिनीच्या ३९८ पैकी सुमारे ३५८ (उरलेले ४० कशातही न अडकता थेट अवकाशात जातात). बेरीज ५४०. खर्च: खाली ३४२, वर २००. बेरीज ५४२. दोनचा फरक आकडे पूर्णांकात घेतल्यामुळे आहे. त्या २०० मध्ये थेट गेलेले ४० मिळवा, २४० होतात.

दुसरी शंका. उष्मागतिकीचा नियम निव्वळ देवाणघेवाणीबद्दल आहे. जमीन ३९८ देते, ३४२ घेते. निव्वळ ५६ वॉट गरम जमिनीकडून थंड हवेकडेच जातात. नियम कुठेही मोडत नाही. हवेच्या रेणूने सोडलेल्या किरणाला खालची जमीन गरम आहे की थंड हे ठाऊक नसतं. तो तिच्यावर पडला की शोषला जातो, एवढंच.

दवबिंदू

मोजण्याचं म्हणाल तर तो बाण प्रत्यक्ष दाखवता येतो. लांबून तापमान सांगणारं अवरक्त थर्मामीटर रात्री निरभ्र आकाशाकडे रोखा, मग ढगाकडे रोखा. ढगाकडचं तापमान बरंच जास्त दिसतं. ढगाळ रात्री उबदार का असतात आणि दव मोकळ्या आकाशाखालीच जास्त का पडतं, याचं कारण तेच.

जुना निरीक्षक

दवबिंदू, प्रयोग चांगला आहे, पण एक गोष्ट सांगूनच करा. हातातली ही थर्मामीटरं साधारण ८ ते १४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या पट्ट्यातच बघतात आणि नेमक्या त्याच पट्ट्यात स्वच्छ हवा बरीचशी पारदर्शक असते. त्यामुळे निरभ्र आकाश ती खऱ्यापेक्षा पुष्कळ थंड दाखवतात. शून्याखालचा आकडा बघून मुलं म्हणतील की आकाशाकडून काहीच येत नाही. ढग आणि निरभ्र आकाश यांची तुलना करायला हरकत नाही, पण त्या आकड्यावरून वॉट काढू नका.

खरं मोजमाप पायरजिऑमीटरने होतं. त्याच्या घुमटातून फक्त अवरक्त किरण आत जातात. जगभरच्या निरीक्षण केंद्रांवर ही उपकरणं रात्रंदिवस आकाशाकडे तोंड करून असतात. तेव्हा ताई, हा बाण मोजलेला आहे, जुळवलेला नाही. समुद्रावर आणि ध्रुवांकडे केंद्रं कमी आहेत. तिथे उपग्रह आणि संगणकावरच्या प्रतिमानांचा आधार घेतात, म्हणून जागतिक सरासरीत काही वॉटची अनिश्चितता राहते.

सरळरेघ

शाळेतल्या मुलांसाठी एवढं कशाला? ३९८ आणि ३४२ दोन्ही काढून टाका, वर जाणारा ५६ चा एकच बाण दाखवा. गोंधळच नको.

मृगधारा

सगळ्यांचे मनापासून आभार. ईशान्य, दोन बाजूंचा मुद्दा वाचला आणि गाठ सुटली. सगळ्या बेरजा स्वतः करून पाहिल्या.

सरळरेघ, तुमचा हेतू कळतो, पण मी दोन्ही बाण ठेवणार. ५६ बरोबर आहे, पण त्यातून जमीन एवढी गरम का हे दिसत नाही. हा खालचा बाण म्हणजेच तर हवेची करामत.

बेरजा करताना एक गोष्ट सापडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २५ लाख ज्यूल लागतात. बाष्पीभवनाचे ८२ वॉट गुणिले वर्षाचे ३.१५ कोटी सेकंद, भागिले २५ लाख: दर चौरस मीटरला वर्षाला साधारण १००० किलो पाणी, म्हणजे एक मीटर. वर गेलेलं खाली यायलाच हवं. पृथ्वीवरच्या पावसाची वर्षाची सरासरीही साधारण एक मीटरच! पाऊस या जमाखर्चातच लिहिलेला आहे, हे मुलांना मी त्यांच्याकडूनच काढून घेणार.

आता नवी शंका. एका थराच्या हिशेबात वर आणि खाली सारखेच जातात. खऱ्या वातावरणात खाली ३४२ आणि वर २०० का? दुसरं, कार्बन डायऑक्साइड ज्या तरंगलांबीचे किरण शोषू शकतो ते आधीच जवळजवळ पूर्ण शोषतो म्हणतात. मग आणखी वाढला तर फरक का पडावा?

ईशान्य

दोन्हीचं उत्तर एकच: हवा उंचीनुसार थंड होते, सरासरी दर किलोमीटरला ६.५ अंश.

खाली येणारे किरण मुख्यतः जमिनीलगतच्या दमट, उबदार हवेतून आणि ढगांच्या तळातून येतात. ३४२ वॉट म्हणजे साधारण ५-६ अंश सेल्सिअसच्या वस्तूचं उत्सर्जन. अवकाशात पोचणारे किरण मात्र वरच्या थंड हवेतून सुटतात, कारण खालच्या हवेतले बहुतेक वाटेतच शोषले जातात. २४० वॉट म्हणजे उणे १८ अंश. जमीन सरासरी १५ अंश, फरक ३३. भागिले ६.५ केलं की सुमारे ५ किलोमीटर. अवकाशातून पाहिलं तर पृथ्वी सरासरीने त्या उंचीवरून किरण सोडते.

आता तुमची दुसरी शंका. हा आक्षेप जुना आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये कार्बन डायऑक्साइडचा हिशेब मांडला आणि १९०० मध्ये क्नूट आँगस्ट्रोम यांनी हाच मुद्दा काढला. पण जमिनीलगत किती शोषलं जातं यापेक्षा किरण शेवटी कुठून सुटतात हे महत्त्वाचं. वायू वाढला की सुटण्याची ती उंची आणखी वर, आणखी थंड हवेत सरकते. थंड हवा कमी किरण सोडते. २४० येतात पण तेवढे जात नाहीत, आणि तोल साधेपर्यंत खालचं सगळं तापत राहतं. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर ही उंची सुमारे १५० मीटर वर जाते. ६.५ च्या दराने साधारण एक अंश. तापलेल्या हवेत दर अंशाला ७ टक्के जास्त बाष्प मावतं आणि बाष्पही अवरक्त किरण शोषतं, म्हणून प्रत्यक्षातली वाढ त्याहून बरीच जास्त, ३ अंशांच्या आसपास धरतात.

याचा पडताळाही आहे. सूर्य जास्त तापल्यामुळे हे घडत असतं तर स्थितांबर, म्हणजे ढगांच्या वरचा हवेचा थर, तोही तापला असता. मानाबे आणि वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये हिशेबाने दाखवलं होतं की कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालची हवा तापेल आणि स्थितांबर थंड होईल. नोंदींमध्ये नेमकं तसंच दिसतं.

जुना निरीक्षक

ताई, आकृतीत आणखी एक छोटा बाण हवा. वातावरणाच्या माथ्यावरचा जमाखर्च सध्या पूर्ण जुळत नाही; येणाऱ्यापेक्षा जाणारी ऊर्जा सुमारे १ वॉटने कमी आहे. त्यातला ९० टक्क्यांच्या आसपास भाग समुद्रात जातो, म्हणून तो बाण पाण्यात शिरताना काढा.

मृगधारा

काढते. आणि तो वेगळ्या रंगात काढते, कारण बाकीचे सगळे जुळतात आणि हा एकच उरतो. हे माझ्या मनात आलंच नव्हतं. धाग्यावर उत्तर मिळालं आहे असं नोंदवते; आकृती तयार झाली की फोटो इथेच टाकीन, चुका काढायला जरूर या.